आईला वृद्धाश्रमात ठेवताना काय पाहावे?

लासलगाव आणि आसपासच्या गावांतल्या आपल्या वस्त्यांमध्ये आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या ज्या आया-मावश्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणींचे आयुष्य कांद्याच्या खळ्यावर गेले. उन्हात बसून कांदा निवडायचा, प्रतवारी करायची, गोणी भरायच्या. आता कुणाचे गुडघे गेले, कुणाची कंबर वाकली, कुणाला साखर आहे, कुणाला दमा. मुले अंबड-सातपूरच्या कारखान्यांत, कुणी पुण्याला, कुणी मुंबईला. जो मुलगा गावात राहिला त्याचे घर एका खोलीचे. सून सकाळी कामाला जाते ती संध्याकाळी येते. मधल्या वेळात आई पडली तर उचलायला घरात कोणी नाही.

मग कुणीतरी हळूच वृद्धाश्रमाचा विषय काढतो. तोही दार लोटून घेऊन, कारण वस्तीत कळले तर ‘आईला टाकून दिले’ असे म्हणतील. हा बोल बहुतेक सुनेलाच लागतो. लेकाला कोणी विचारत नाही, ते एक असोच.

आईला वृद्धाश्रमात ठेवावे की ठेवू नये, हे या पानावरून आम्ही सांगणार नाही. ज्याच्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे त्यालाच तिथले दिवस-रात्र माहीत. पण एक गोष्ट आम्हाला स्पष्ट बोलायची आहे. या लाजेमुळे दोन नुकसान होतात. आईला ठेवताना आपण प्रश्न विचारत नाही, कारण ‘आपणच आईला आणून सोडतोय, आता कोणत्या तोंडाने हिशेब मागायचा?’ असे वाटते. आणि ठेवल्यानंतर भेटायला जाणे कमी कमी होत जाते. ज्या म्हाताऱ्या माणसाला भेटायला कोणी येत नाही, त्याच्याकडे कर्मचाऱ्यांचे लक्ष सगळ्यात शेवटी जाते. म्हणून आईला ठेवायचेच असेल, तर उघडपणे ठेवा, विचारून ठेवा आणि जात राहा. काय विचारायचे आणि काय पाहायचे ते पुढे सांगतो.

कायदा किती कामाचा?

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी आणि कल्याणासाठी २००७ साली केंद्राचा कायदा झाला. महाराष्ट्राचे नियम २०१० मध्ये आले. या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांची सोय असलेला एक तरी वृद्धाश्रम सरकारने काढावा, अशी कल्पना आहे. कायद्यातला शब्द मात्र ‘काढू शकेल’ असा आहे, ‘काढलाच पाहिजे’ असा नाही. एका शब्दात किती फरक पडतो हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

अशा आश्रमात सोयी कशा असाव्यात, हे केंद्राने राज्यांना दिलेल्या नमुना नियमांत लिहिले आहे. झोपायच्या जागेत प्रत्येक माणसामागे निदान साडेसात चौरस मीटर, म्हणजे साधारण दहा फूट बाय आठ फूट जागा. स्वयंपाकघर, जेवणाची खोली, दवाखान्याची खोली धरून माणशी बारा चौरस मीटर. बाया आणि पुरुषांची राहण्याची वेगवेगळी सोय. पुरेसे पाणी, वीज, पंखे. पायऱ्यांऐवजी उतार, भिंतीला धरायला दांडे. आजाऱ्यांसाठी वेगळी खोली आणि प्राथमिक उपचार. शिवाय वर्तमानपत्र, पुस्तके, दूरदर्शन संच. (या मापाने आपल्या वस्तीतली किती घरे पास होतील, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.)

ही मापे सरकारने त्या कलमाखाली काढलेल्या आश्रमांसाठी आहेत. खासगी वृद्धाश्रमाला परवाना घ्यायला हा कायदा लावत नाही. ती सक्ती आणणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. त्यात वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवून देण्याची तरतूद होती. ते मंजूर झाले नाही आणि २०२४ मध्ये त्या लोकसभेबरोबरच बारगळले. याचा अर्थ असा, की कुणी एखादा बंगला भाड्याने घेतला, दहा खाटा टाकल्या आणि बाहेर पाटी लावली, तर तिथे रात्री किती माणसे हजर हवीत हे या कायद्यात शोधून सापडणार नाही.

पाटीवर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक असतो. तो विचारून, लिहून घ्यावा. पण तो क्रमांक संस्था नोंदलेली आहे एवढेच सांगतो. रात्री आईची कूस कोण बदलते हे सांगत नाही. संस्था सरकारी अनुदान घेत असेल तर आपल्या हातात आणखी एक साधन आहे. तिच्या तपासणीचा शेवटचा अहवाल माहितीच्या अधिकारात समाजकल्याण कार्यालयाकडून मागता येतो. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या कार्डधारकाला तेही लागत नाहीत. आणि आईला मानसिक आजार आहे म्हणून ठेवत असाल, तर ती संस्था २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली नोंदलेली असायलाच हवी. तिथे नोंदणी नसेल तर पुढे बोलूच नका.

न सांगता जा, आणि दोनदा जा

फोन करून, वेळ ठरवून गेलात तर झाडलेली फरशी आणि चहाचा कप मिळेल. एकदा दुपारच्या जेवणाच्या वेळी जा आणि एकदा संध्याकाळी दिवे लागल्यावर जा. ‘फक्त रविवारी दहा ते बारा’ अशी भेटीची वेळ सांगणारी जागा आम्हाला पटत नाही. आजारपणाची साथ असेल तेव्हा बंदी समजू शकतो, पण एरवी जेवणाच्या वेळी नातेवाईक नको असतील तर का नको, हे विचारावे.

दारातून आत शिरल्यावर आधी नाकावर विश्वास ठेवा. कांद्याच्या चाळीत काम केलेल्या बाईला हे सांगायची गरज नाही. वरून थर चांगला दिसतो, पण आत काही बिघडले असेल तर वास आधी कळवतो. लघवीचा जुना वास म्हणजे कपडे आणि गाद्या वेळेवर बदलत नाहीत. फिनाइलचा डोके उठवणारा दरवळ असेल तर तोही चांगल्याचा पुरावा समजू नका.

मग थेट संडास-बाथरूम पाहा. म्हातारी माणसे जास्त करून तिथेच पडतात. फरशी ओली आणि गुळगुळीत आहे का? कमोडशेजारी धरायला दांडा आहे का, आणि तो हाताने हलवून पाहा, भिंतीत पक्का आहे का? दार बाहेरूनही उघडता येते का? आतून कडी लावून आई पडली तर दार तोडेपर्यंत वेळ जातो. खाटेपासून संडासापर्यंत रात्री दिवा असतो का? साठीनंतर हाडे ठिसूळ झालेली असतात. खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळते, मग छातीत कफ धरतो, पाठीला जखमा होतात. अनेकांचे शेवटचे आजारपण बाथरूममधल्या एका पडण्यापासून सुरू होते. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर झोपेतून एकदम उठून उभे राहिल्यावर चक्कर येते. म्हणून आधी खाटेवर दोन मिनिटे बसायचे, पाय खाली सोडायचे, मग उठायचे. आश्रमातल्या बायांना हे माहीत आहे का, ते सहज बोलता बोलता विचारा.

रात्री कोण असते?

सगळ्या प्रश्नांत हा प्रश्न आम्ही सर्वात वर ठेवू. दिवसा स्वयंपाकीण असते, झाडूवाली असते, व्यवस्थापक असतो, येणारे-जाणारे असतात. रात्री नऊनंतर काय? वीस-पंचवीस म्हाताऱ्यांमागे एकच वॉचमन, तोही फाटकावर, असे असेल तर आईला रात्री दोनला संडासला लागल्यावर ती काय करणार? एकतर एकटी उठेल आणि पडेल, नाहीतर अंथरुणातच होईल आणि सकाळपर्यंत ओल्यातच राहील. रात्रपाळीला किती माणसे आहेत, त्यांत बाई आहे का, ती आत खोल्यांजवळ जागी असते की बाहेर झोपते, हे नाव घेऊन विचारा. हाक मारायला घंटी आहे का? ती खाटेवर पडल्या पडल्या हाताला लागते का? ती वाजवून पाहा. कोणी किती वेळात येते ते तुम्हालाच कळेल.

रात्रीची माणसे कमी असली की आणखी एक वाईट सवय लागते. उठू नये म्हणून संध्याकाळीच झोपेची गोळी देतात, किंवा हात खाटेला बांधतात. विसरभोळेपणाचा आजार झालेली माणसे रात्री फिरतात, ओरडतात, त्यामुळे त्यांच्या वाट्याला हे जास्त येते. भेटायला गेल्यावर आई भर दुपारी गुंगीत असेल, शब्द ओढत बोलत असेल, तर कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारा आणि त्यांची चिठ्ठी मागा. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी द्यायचा अधिकार कोणालाही नाही. मनगटावर वळ दिसले तर कारण विचारल्याशिवाय घरी येऊ नका.

कातडी सगळे सांगते

आई अंथरुणाला खिळलेली असेल, तर तिथली सेवा कशी आहे हे तिच्या पाठीवरून कळते. एकाच कुशीवर तासन्‌तास पडून राहिले की हाडाखालची कातडी दबते, तिथले रक्त थांबते आणि जखम होते. तिला शय्याव्रण म्हणतात. कंबरेच्या खाली माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर, खांद्याच्या पात्यावर, डोक्याच्या मागे या जागा पाहायच्या. सुरुवात लालसर डागाने होते. काळ्या-सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तो भाग आजूबाजूपेक्षा जास्त काळपट, गरम किंवा टणक लागतो. बोटाने दाबून सोडल्यावर डागाचा रंग बदलत नसेल तर जखमेची सुरुवात झाली असे समजा. या टप्प्यावर तिथला दाब काढला तर ती बरी होते. दुर्लक्ष झाले तर खोल जाते, हाडापर्यंत जाते, त्यात पू होतो आणि ते विष रक्तात भिनून माणूस दगावू शकते.

त्यावर उपाय महागडा नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, मग ते रात्रीचे दोन असोत की चार. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी. ओले कापड लगेच बदलायचे, कातडी पुसून कोरडी करायची. हवेची गादी मदत करते, पण गादी आणली म्हणून कूस बदलणे चुकत नाही. लाल झालेल्या जागी चोळून मालिश करू नये, त्याने आतली कातडी आणखी फाटते. चांगल्या जागी खाटेपाशी एक कागद टांगलेला असतो: किती वाजता कोणत्या कुशीवर वळवले, कोणी वळवले. तो कागद पाहा. सगळ्या वेळा एकाच शाईने, एकाच हाताने, एका दमात लिहिलेल्या दिसल्या तर काय समजायचे ते समजा.

भेटायला जाल तेव्हा पडदा लावून आईची पाठ स्वतः पाहा. लेकाला संकोच वाटत असेल तर लेकीने, सुनेने, बहिणीने पाहावी. आईची साडी तुम्ही स्वतः बदलून देतो म्हणालात आणि कर्मचारी अडवायला लागले, तर नक्की पाहा.

वर्षावासात आपल्या विहारांमधून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. त्यात भगवंतांना रोग्यांविषयी किती काळजी वाटे, त्याचे एक प्रकरण आहे. हगवणीने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता, कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाकडून पाणी मागवले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. मग भिक्खूंना जमवून विचारले, की याची सेवा कोणी का केली नाही. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. विनयपिटकात तिच्या जोडीला रोग्याची सेवा करायला लायक माणूस कोणता, याची पाच लक्षणेही दिली आहेत, ती फारशी वाचली जात नाहीत. त्याला औषध तयार करून देता येते. रोग्याला काय चालते, काय चालत नाही हे तो जाणतो. तो कमाईसाठी नव्हे, मायेने सेवा करतो. मलमूत्र, थुंकी, ओकारी उचलायची त्याला किळस येत नाही. आणि वेळोवेळी चार चांगले शब्द बोलून तो रोग्याचे मन वर काढतो. आजच्या कोणत्याही वृद्धाश्रमाची परीक्षा घ्यायला हे पाच प्रश्न पुरतात. फक्त मायेची गोष्ट पगाराशी जोडून पाहिली पाहिजे. जिथे सेवा करणारी बाई बारा-बारा तास राबते, हातमोजे तिला स्वतःच्या पैशाने घ्यावे लागतात आणि पगार दोन महिने थकतो, तिथे तिच्याकडून मायेची अपेक्षा कशी करायची? आणि ती बाई बहुतेक वेळा आपल्यातलीच असते. तिला किती महिन्यांपासून पगार नाही, हेही विचारत चला. कर्मचारी सारखे बदलत असतील तर जागेत काहीतरी बिघाड आहे.

औषध, पाणी, ताट

साखरेची गोळी किंवा इन्सुलिन सकाळी सातला दिले आणि नाश्ता साडेनऊला आला, तर साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बरळायला लागते, बेशुद्ध पडते. ‘म्हातारी आज फार बडबडत होती’ असे कोणी सांगितले तर त्या दिवशी नाश्ता किती वाजता झाला ते विचारा. औषधे प्रत्येकाच्या नावाच्या डब्यात आहेत का, की सगळ्यांच्या पट्ट्या एकाच टोपलीत? दिलेल्या गोळीची नोंद कोण करते? आईच्या गोळ्यांची एक यादी तुमच्याकडे आणि एक तिथे हवी.

वय झाले की तहान कमी लागते. मार्च ते जूनमध्ये आपल्याकडचे ऊन माहीत आहेच. पाण्याचा तांब्या हाताला लागेल असा ठेवलेला नसेल आणि संडासला सारखे उठायला नको म्हणून म्हातारी पाणी टाळत असेल, तर लघवीची जळजळ, ताप, गोंधळल्यासारखे होणे सुरू होते. जीभ कोरडी आणि लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडते आहे.

जेवणात काय आहे यापेक्षा किती पोटात गेले ते महत्त्वाचे. दात नसलेल्या आजीपुढे कडक भाकरी ठेवून अर्ध्या तासाने ताट उचलले, तर नोंदवहीत ‘जेवण दिले’ असेच येईल. महिन्यातून एकदा वजन करतात का? वजनकाटा नसला तरी तुम्हाला कळेल. हातातली बांगडी कोपराकडे सरकायला लागली, पोलके सैल झाले, तर आईचे पोट भरत नाही. अंथरुणावरच्या माणसाला आडवे ठेवून भरवू नये. बसते करून भरवावे आणि नंतर अर्धा तास बसतेच ठेवावे, नाहीतर घास श्वासनळीत जातो.

पंगतीत आणखी एक गोष्ट पाहायची. आडनाव विचारल्यावर कोणाचे ताट वेगळे ठेवले जाते का, कोणाला पाण्याच्या माठाला हात लावू देत नाहीत का, संडास धुवायचे काम तिथल्या रहिवाशांपैकी ठराविक बायांनाच सांगितले जाते का? सकाळच्या आरतीला बसले तरच नाश्ता, असे काही आहे का? आईला खाटेजवळ बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो ठेवू देतात का? ज्या जागी आईला सत्तराव्या वर्षी पुन्हा खालमानेने बसावे लागेल, तिथली फरशी कितीही चकचकीत असली तरी ती जागा आपल्या कामाची नाही. उघड जातीय अपमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा वृद्धाश्रमाच्या फाटकाबाहेर थांबत नाही.

आग, थंडी आणि साथ

तामिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी मनोरुग्णांना ठेवलेल्या एका झोपडीला आग लागली. साखळदंडाने बांधलेली २८ माणसे पळता न आल्याने जळून मेली. दिल्लीच्या ग्रेटर कैलास भागातल्या एका वृद्धाश्रमाला १ जानेवारी २०२३ च्या पहाटे आग लागली, त्यात दोन वृद्ध स्त्रिया गेल्या. म्हणून वरच्या मजल्यावर चालता न येणारी माणसे ठेवली आहेत का ते पाहा. बाहेर पडायला दुसरे दार हवे, आणि त्याच्यापुढे जुन्या खाटा रचलेल्या नकोत. रात्री कुलूप लावत असतील तर किल्ली कोणाकडे, हे विचारा. खिडक्यांना उघडता न येणारे गज असतील तर तेही लक्षात घ्या. आग विझवायच्या नळकांड्यावर भरल्याची तारीख असते, ती वाचा. खोलीत कोणाला ऑक्सिजन लावलेला असेल तर तिथे वंदनेची मेणबत्ती किंवा अगरबत्ती लावू नये. हे आपण आपल्या माणसांनाही सांगितले पाहिजे, आपण भेटायला जाताना दोन्ही घेऊन जातो.

निफाड तालुक्याची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. पारा पाच अंशांच्या खाली उतरतो. म्हाताऱ्या शरीराला ती सोसत नाही. डिसेंबरात जाल तेव्हा पांघरुणे मोजा, अंघोळीला गरम पाणी मिळते का ते आईलाच विचारा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपवणे फार धोक्याचे. तिच्या विषारी वायूला वास नसतो, माणसे झोपेतच जातात. साखरेच्या रोग्याच्या पायाला गरम पिशवी देऊ नये, त्याला चटका कळत नाही आणि सकाळी फोड आलेला असतो.

साथीचे म्हणाल तर, नोव्हेंबर २०२१ मध्ये भिवंडी तालुक्यात खडवलीजवळच्या एका वृद्धाश्रमात एकदम साठाहून जास्त जणांना करोना निघाला. एका छताखाली राहणाऱ्यांत रोग असाच फिरतो. करोना मागे पडला, पण खरूज मागे पडलेली नाही. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला रात्री वाढणारी खाज दिसली तर एकट्या आईला मलम लावून उपयोग नाही. खोलीतल्या सगळ्यांना एकाच दिवशी मलम लावायचे, अंथरूण-कपडे गरम पाण्यात धुवायचे. दोन आठवड्यांवर खोकला असेल कोणालाही, तर क्षयाची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.

कागद आणि पैसे

ठेवताना जो कागद करतात त्याची प्रत घ्या. महिन्याचे पैसे किती, त्यात डायपर आणि औषधे धरली आहेत का, अनामत परत कधी मिळणार, आजारी पडल्यास कोणत्या दवाखान्यात नेणार, कोणाला आधी फोन करणार, हे त्यात लिहिलेले हवे. निधन झाल्यास बौद्ध पद्धतीने अंत्यविधी करायचा, हेही लिहून घ्या. कोऱ्या कागदावर आईचा अंगठा देऊ नका. श्रावणबाळ किंवा संजय गांधी योजनेचे पासबुक आणि एटीएम कार्ड संस्थेच्या कपाटात गेले की हिशेब सापडत नाही. ते घरच्यांनी किंवा आईने स्वतःकडे ठेवावे. सत्तरीच्या पुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत उत्पन्नाची अट नसताना वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. आधारवरून ते कार्ड काढून घ्या आणि त्याची प्रत आश्रमात द्या.

घर आईच्या नावावर असेल तर ते घाईने मुलांच्या नावावर करू नये. करायचेच असेल तर ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द बक्षीसपत्रात लिहावेत. मग सांभाळ झाला नाही तर २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून मागता येते. त्याच कायद्यात मुलांकडून निर्वाहाचे पैसे मागता येतात, महिना १० हजारांपर्यंत. ‘मुले’ म्हणजे मुलगे आणि मुली दोन्ही, आणि सज्ञान नातवंडेही. त्यासाठीचे न्यायाधिकरण प्रांत अधिकाऱ्यांकडे असते. लासलगावकरांना ते निफाडला पडते. वकिलाची गरज नसते. आणि सांभाळायची जबाबदारी असलेल्याने म्हाताऱ्या माणसाला कुठेतरी सोडून कायमचे निघून जाणे हा कलम २४ प्रमाणे गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आश्रमात काही खटकले तर आधी व्यवस्थापकाला लेखी द्या आणि तुमच्या प्रतीवर सही-तारीख घ्या. आईला कोणी त्रास देईल या भीतीने आपण गप्प बसतो; तशी भीती वाटत असेल तर पुढचे काही दिवस रोज कोणी ना कोणी भेटायला जाईल असे पाहा. लिलाव बंद असतील त्या दिवशी वस्तीतल्या दोघी-तिघींनी मिळून गेलात तरी फरक पडतो, आणि तिथे ज्या आजीला भेटायला कोणीच येत नाही तिच्याही खाटेपाशी दोन मिनिटे बसा, तिचीही पाठ पाहा. ज्येष्ठांसाठीचा सरकारी मदत क्रमांक १४५६७ आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, पैसे पडत नाहीत. लेखी तक्रार नाशिकच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे आणि प्रांताकडे करता येते. मारहाण, बांधून ठेवणे, उपाशी ठेवणे असे काही दिसले तर अर्ज-विनंती करत बसू नका, ११२ ला फोन करा. जखमेतून पू येत असेल, आई गुंगीतून जागी होत नसेल किंवा पडल्यानंतर पाय टेकवता येत नसेल, तर १०८ ची गाडी बोलवा आणि सरळ दवाखान्यात न्या. आश्रमाने ‘आमचे डॉक्टर उद्या येतील’ म्हटले तरी.